पहिल्या ओळीतला ‘यू’

मद्रासला नोकरी लागली तेव्हा मी आमच्या घरातला पहिला पदवीधर होतो. एग्मोरच्या ऑफिसातल्या तंजावरी मराठी साहेबांनी मला महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतले. ते उपकार मी विसरलेलो नाही.

डेटाबेसमधून याद्या काढणाऱ्या क्वेरी, म्हणजे आज्ञा, प्रोग्रामच्या आत न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवायची कल्पना माझी होती. त्यामुळे लहानशा बदलासाठी अख्खा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवावा, लागत नसे. ती फाइल मी साहेबांच्या हाती सोपवली. निवृत्तीनंतरची त्यांची मुदतवाढ त्याच महिन्यात ठरायची होती आणि त्यांना काही नवे काम येते हे दाखवायचे होते.

साहेबांचे काम पाहायच्या दिवशी मॅनेजरसमोर एकही यादी छापून निघाली नाही. मी फाइल उघडली. सगळ्यात वर एकटे ‘यू’ हे इंग्रजी अक्षर होते. तिकडे कोऱ्या कागदावर काही लिहिण्याआधी पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, खूण म्हणून तमिळ ‘उ’ काढतात. साहेबांनी त्याच्या जागी इंग्रजी ‘यू’ टाइप केला होता आणि माझा प्रोग्राम त्याला क्वेरी समजत होता.

“पिळ्ळैयाराशिवाय सुरुवात कशी करायची रे?” साहेब हळूच मला म्हणाले.

“या वयात कॉम्प्युटर जमायचा नाही,” मॅनेजर इंग्रजीत म्हणाला.

अशी ओळ ओलांडून पुढे जाणे हे माझ्या प्रोग्रामचे काम होते. मला ते तेव्हाच कळले होते, तरी मी गप्प राहिलो.

महिनाअखेरीस मुदतवाढ न मिळता साहेब निवृत्त झाले. त्यानंतर मी प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. वरचा ‘यू’ आता त्याला चालत होता.