एक पाटा कमी

उजव्या हाताची तर्जनी छातीपर्यंत वर करायची, समोरच्या ड्रायव्हरचं गाऱ्हाणं संपायच्या आतच मान हलवायची आणि म्हणायचं, "येक पाटा टाका." ट्रक कुणाचाही असो, तक्रार कुठलीही असो, आमच्या मिस्त्रींचा सल्ला हाच. ऐकणाराही वाद घालायचा नाही, मुकाट्याने बाकावर बसून चहा मागवायचा.

मिस्त्री कमानीचं काम करायचे. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात. त्यातली एक पट्टी म्हणजे पाटा, आणि सगळ्या मिळून कमान. सत्तरच्या दशकातली भिवंडी म्हणजे सूत आत आणि कापड बाहेर. ट्रकवर सोसवेल त्याच्या दीडपट माल चढायचा, आणि मग कमानी बसायच्या. त्यामुळे आग्रा रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये 'एक पाटा टाका' हा सल्ला कधी चुकतच नसे.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी कंपाउंडर असल्यामुळे मला अशांचा मनापासून राग येतो. एकदा मी सहज म्हणालो, "मिस्त्री, सायकलवरून फिरून कंबर धरते हो." तर त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि बोट वर केलं. मी तिथून पळालो. त्यांच्या दुकानातलं बाकसुद्धा जुन्या पाट्यांचं होतं. त्यावर दहा मिनिटं बसलं की अकरावं मिनिट उभ्याने काढावं लागे.

मी तेव्हा गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात होतो. आमच्याकडे एक विचित्र गाडी आली. कुणी परदेशी जोडपं मोटारीमागे अख्खी खोली जोडून जग फिरायला निघालं होतं. ती खोली इथेच अडकली, कस्टमच्या लिलावात गेली, आणि एका लूमवाल्या शेटने ती घेऊन आम्हाला दान केली. दोन चाकं, आत एक अरुंद पलंग, बेसिन, दोन कपाटं, पडदे लावलेल्या खिडक्या. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा फिरता दवाखाना केला. जीपमागे जोडून दर गुरुवारी आम्ही ती जवळच्या अंजूर गावाला न्यायचो. तिथले लोक तिला डबा म्हणायचे, मग आम्हीही डबाच म्हणायला लागलो.

डब्यातून माणसं सुखरूप जायची, औषधं नाही. काचेच्या सिरिंजा, मिक्श्चरच्या बाटल्या, सगळ्याचा चुरा. अंजूरला दार उघडलं की गुलाबी मिक्श्चरचा ओघळ आधी उतरायचा, मग मी. बाई म्हणाल्या, "कमानवाल्याला दाखवून घ्या." मी डबा मिस्त्रींकडे नेला. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि बोट वर केलं.

दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढला. पुढच्या गुरुवारी सिरिंजा तर गेल्याच, पण कपाटाचं दारही बिजागरीसकट खाली आलं. मी तावातावाने शेडमध्ये गेलो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मंग अजून येक टाकू." बाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, एकदा स्वतः आत बसून या."

मिस्त्री आले. पलंगावर मांडी घालून बसले. अंजूरपर्यंत पोचेस्तोवर मांडी सुटली होती, टोपी गुलाबी झाली होती आणि तोंडाचा रंग उतरला होता. एवढी वर्षं त्यांनी गाड्या खालून पाहिल्या होत्या, आत बसून कधी नाही. उतरून ते नुसते उभे राहिले. मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात औषधाच्या रांगेतून एक वाकलेली म्हातारी पुढे आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "जावई, घरासारखा डबा हाय. माज्या पोरीला यातून आनाना येकदा."

ती त्यांची सासू होती. माझं हसू तिथेच थांबलं.

मिस्त्रींच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मणक्याचं दुखणं होतं. भिवंडीत शेडच्या मागच्याच खोलीत त्या सहा वर्षं पडून होत्या. दवाखान्यात आमच्याकडे त्यांचा कागद होता. बाई महिन्यातून एकदा त्यांना घरी जाऊन पाहायच्या. जरासा हिसका बसला तरी त्यांच्या तोंडून किंकाळी निघायची. माहेर अंजूरला, भिवंडीपासून चार कोसांवर. एकदा टांग्यातून निघाल्या होत्या, पण हिसके न सोसून भिवंडीच्याच नाक्यावरून परत आल्या. त्यानंतर मायलेकींची भेट नव्हती. म्हातारीला तर गावाबाहेर पडणंही जड झालेलं. गुरुवारी मी एकीचा निरोप दुसरीला पोचवायचो. निरोप तरी काय, "जेवते का?" आणि "जेवते म्हनून सांगा."

परतताना मिस्त्री जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. वाटेतलं दापोडं गाव मागे पडल्यावर म्हणाले, "कंपाउंडर, या डब्यात माल किती? दोन कपाटं, येक पलंग. ह्याला ट्रकची कमान कशाला? मी दगडावर ठेवला तुमचा दवाखाना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या तोंडावर गोणपाट टांगलं आणि आत पाटे काढायला सुरुवात केली. गोणपाट कशाला, ते तुमच्या लक्षात आलं असेल. साऱ्या आग्रा रोडला पाटे टाकायला सांगणारा माणूस पाटे काढतो आहे, हे कुणाला दिसायला नको होतं. अर्थात ते सगळ्यांना कळलंच. ड्रायव्हर लोक येता-जाता गोणपाटाबाहेरून विचारायचे, "मिस्त्री, दुकान बंद करने का इरादा है क्या?" आतून फक्त घणाचा आवाज यायचा.

त्यांनी दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे कमी केले. उरलेले भट्टीत तापवून त्यांना नवा बाक दिला, तेलात विझवले. पाटे एकमेकांवर घासून करकरू नयेत म्हणून मधे लूमच्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे घातले. ही अक्कल भिवंडीशिवाय दुसरीकडे कुणाला सुचली नसती. डबा मऊ झाला, पण आता तो झुलायला लागला. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, मागे गाडी आहे की पाळणा तेच कळत नाही. मग मिस्त्रींनी कुर्ल्याच्या भंगारातून एका मोटारीचे शॉकॲब्सॉर्बर आणून बसवले, मागच्या भिंतीला असलेली पाण्याची टाकी उचलून बरोबर चाकांवर आणली, आणि टायरमधली हवा थोडी कमी केली.

शिवाय दर बुधवारी संध्याकाळी ते ग्रीसचा डबा घेऊन दवाखान्यात हजर. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, जीपला जोडायचा हूक पुसायचा, छताच्या फटीत डांबर दाबायचं, बोल्ट आवळायचे. मी म्हटलं, "गेल्या बुधवारीच आवळलेत की." ते म्हणाले, "नवा बोल्ट येकदा फिरून आला की ढिला पडतो. आवळायला लागतोच." मी त्यांना चिडवायला म्हणालो, "आणि माणूस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा मी कामाच्या वेळी थट्टा केली नाही.

अशाच एका बुधवारी ते माझ्या औषधांच्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "तिच्या कागदावर वजन लिवलेलं आसंल ना?" मी कागद काढला. अडतीस किलो.

"आडतीसच?" ते म्हणाले. "भाताचा भारा घेऊन चालायची ती. मी मागं पडायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातल्या पलंगावर अडतीस किलो तांदळाचं पोतं बांधलेलं होतं, आणि पोत्याच्या मधोमध, जिथे माणसाची कंबर येईल तिथे, मिक्श्चरची एक रिकामी बाटली उभी. मी आत बसून बाटली कुठे पडते ते पाहायचं, असा हुकूम होता. पहिल्या गुरुवारी ती तीनदा पडली. मी जागा सांगितल्या. मिस्त्री त्या-त्या जागी सायकलने जाऊन आले, खड्डा किती खोल ते वितीने मोजून आले, आणि पुन्हा गोणपाटामागे गेले. पुढच्या खेपेला बाटली एकदाच पडली. त्याच्या पुढच्या गुरुवारी अंजूरला दार उघडलं तेव्हा ती जागच्या जागी उभी होती. त्या दिवशी जीपमधून सोबत आलेल्या मिस्त्रींनी ती उचलून खिशात घातली आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तिला आनू?"

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींना खुर्चीवर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "पोतं वेगळं, माणूस वेगळा. मणका नाजूक आहे. एक जोराचा हिसका बसला तर पाय जातील, पुन्हा यायचे नाहीत. नाही नेलं तर मी तुम्हाला बोल लावणार नाही."

मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "म्हातारी आता पेजेवर आलीय. ती रांगेत यायची थांबली तर मी हिला काय सांगू?"

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या गुरुवारी."

तो आठवडा मिस्त्रींनी कसा काढला ते मला माहीत नाही. मी मात्र भीतीने अर्धा झालो होतो, कारण आत बसणार होतो मी.

आता मिस्त्री नाहीत. वहिनी त्यांच्या आधी गेल्या, म्हातारी त्याही आधी. ती शेडही गेली, आणि डबा कुणी आणि कधी भंगारात काढला ते मला विचारावंसं वाटलं नाही. त्यांची आठवण आली की मला तो गुरुवार दिसतो, म्हणून तोच सांगतो आणि थांबतो.

सकाळी चौघांनी वहिनींना गोधडीसकट उचलून पलंगावर ठेवलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. मिस्त्रींना म्हणाल्या, "खिडकीकडं उशी लावा. वाट बघत जाईन मी." मिस्त्रींनी उशी लावली, पडदा बांधून वर केला. मी म्हटलं, "तुम्ही बसा ना आत." ते म्हणाले, "माजं वजन धरलं न्हाय मी." आणि जाऊन जीपमध्ये मागे तोंड करून बसले. सबंध रस्ताभर जीपच्या मागच्या काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता.

नाक्यापर्यंत वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता. इथूनच त्या परत फिरल्या होत्या. नाका गेला, हात सैल झाला. मग बोलायला लागल्या. हे शेत कुणाचं, ही विहीर कधी खणली, इथे चिंच होती ती कुठे गेली. खड्डा आला की मी डोळे मिटायचो. डबा खाली जायचा, हळूच वर यायचा, आणि वहिनींचं वाक्य मधे तुटायचं नाही. दापोड्याच्या अलीकडे मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही.

अंजूरला गाडी थांबली. मिस्त्री धावत आले, दार उघडलं, आणि बायकोचे मिटलेले डोळे पाहून दारातच थिजले.

"झोपल्यात," मी म्हणालो.

"झोपली?"

"दापोड्याच्या अलीकडेच. वाट बघायची राहिली त्यांची."

घरी गोळी दिल्याशिवाय वहिनींचा डोळा लागत नसे, हे मला ठाऊक होतं, कारण गोळ्या मीच द्यायचो. मिस्त्री तसेच खाली बसले, रस्त्याच्या धुळीत, चाकाला पाठ टेकून. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही. बाईंनी आत डोकावून पाहिलं, वहिनींच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच बोट लावलं, अंगठा हलला. मग त्यांनी बाहेर जमलेल्या रांगेला सांगितलं, "आज दवाखाना झाडाखाली. आवाज करू नका."

म्हातारी काठी टेकत आली. मी म्हटलं, "आजी, उठवतो त्यांना."

"नगं," ती म्हणाली. "निजू दे. मी जवल बसते."

तिने पायरीवर पाय ठेवला. मऊ कमानीचा डबा, पायरीवर जरा भार पडला तरी तो एका अंगाला कलायचा. मिस्त्री चटकन उठले. डब्याच्या कोपऱ्याखाली शिरले, गुडघे जमिनीला टेकून खांदा लावला आणि म्हणाले, "आता चढा, आई." म्हातारी एकेक पाय सावकाश उचलत वर गेली. डबा हलला नाही. ती लेकीच्या उशाशी बसली, तिने तिच्या कपाळावर हात ठेवला. मी खाली वाकून म्हणालो, "मिस्त्री, चढल्या त्या. सोडा आता." त्यांनी नुसती मान हलवली, आणि खांदा तसाच ठेवला.