दगडूने घासलेले ड्रम

"हात लावू नका म्हटलेलं ना मी, दगडूकाका?"

"हात कुठे लावला मॅडम? ब्रश लावला!"

"ब्लीचिंग पावडर घालून? अहो, बुरशी मेली सगळी!"

"मग मेलीच पाहिजे ना बुरशी! साहेब यायचे होते सकाळी."

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या डाइंगच्या कारखान्यामागे तीन ड्रम लग्नातल्या भांड्यांसारखे लखलखत होते. सांडपाण्यावर संशोधन करणाऱ्या नौपाड्याच्या श्रियाने तीन महिने खपून त्यांत लाकडाच्या भुशावर बुरशी वाढवलेली. कपडे रंगवून उरलेलं लालभडक पाणी वरून सोडायचं, बुरशी रंग खायची, खालून फिक्या चहासारखं पाणी यायचं. काल दगडूने तो बुरसटलेला भुसा उकिरड्यावर टाकला आणि ड्रम घासून नवाकोरा भुसा भरला. आज तपासणीच्या साहेबांसमोर नळ सोडला, तर वरून लाल, खालूनही लाल. साहेबांनी फोटो काढला आणि गेले.

दगडू चिपळूणकडचा. बावीस वर्षं इथेच रंगाच्या टाक्या ढवळल्या. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी ब्लीचिंग मारायचं, हे थोरल्या शेटनी शिकवलेलं. पुढे नव्या मशीन आल्या, जुनी माणसं गेली. दगडू राहिला तो या ड्रमांत पाणी सोडायला. ड्रम पास झाले तर कामावर, नाहीतर घरी, असं थोरल्या शेटच्या मुलाने, विनीतने, तोंडावर सुनावलेलं. म्हणून तर काल नखं तुटेस्तोवर घासलं.

"दगडू, उद्यापासून येऊ नकोस," विनीत मोबाइलमध्ये बघतच म्हणाला.

"शेट, एक डाव…"

"तीन महिन्यांचं काम दोन तासांत संपवलंस! एवढा स्पीड बावीस वर्षांत कधी दाखवला नाहीस रे."

वॉचमन फिदीफिदी हसला. दगडूही हसला, सवयीने. मग श्रियाकडे वळला.

"मॅडम, तुम्ही भिंतीवर चित्रं दाखवलीत, सगळं इंग्लिशमध्ये. मी मागे उभा राहून मान हलवली, खरंय. पण ती बुरशीच पाणी साफ करते, हे मला एकदा तरी मराठीत सांगितलंत? मी आपला समजलो, भुसा गाळतोय आणि वर घाण धरलीय. सांगा ना शेटना. माझी भाकरी आहे हो."

विनीतने पहिल्यांदाच मान वर केली. "सांगितलेलं का, मॅडम?"

श्रियाने पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या बॅगेत भरल्या, हेल्मेट उचललं आणि गेटकडे चालू लागली.