न पळणारं पायदळ

स्विस भालाईताला किती हिंमत द्यायची, हा एके काळी माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होता. कोल्हापुरात एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची गेम बनवणारी कंपनी होती. तिथं बसून आम्ही पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची युरोपातली आणि दख्खनमधली सैन्यं कॉम्प्युटरवर एकमेकांशी लढवत होतो. सैन्यातली एकेक तुकडी घडवायची हे माझं काम. तिचा मार किती, चिलखत किती, वेग किती आणि हिंमत किती, हे आकडे मी ठरवायचे. हिंमत संपली की तुकडी पाठ फिरवून पळते. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी सैन्य तयार करती." शेजारीण विचारायची, "मिलिटरीत लागली व्हय? मग घरातच कशी असती?"

पुण्यातली नोकरी सोडून मी आले होते, ती गाजावाजा करून. यापुढं जे काय करीन ते कोल्हापुरात राहून, असं नातेवाइकांत, मैत्रिणींत, अगदी जिन्यात भेटेल त्याला सांगून झालं होतं. ही गेम पुण्याच्या प्रकाशकांनी उचलली तर माझं बोलणं खरं ठरणार होतं. नाही उचलली तर बॅग भरायची होती. त्यामुळं भालाईताच्या हिंमतीत माझीही थोडी गुंतलेली होती.

युरोपवाल्यांचं काही अवघड नव्हतं. लांबलचक भाले घेऊन दाटीनं चालणारे स्विस, रंगीबेरंगी फाटके कपडे घालून मिरवणारे जर्मन भाडोत्री, आडधनुष्य ताणता ताणता घामाघूम होणारे इटालियन. जळती वात सांभाळत बंदूक भरणारा गडी मी मुद्दाम इतका सावकाश केला होता की शत्रूनं मध्ये चहा प्यावा. या लोकांना मी कितीही पळवलं तरी कोल्हापुरात कुणाची तक्रार नव्हती.

जीव लावला होता तो मात्र घाटमाथ्याच्या पायदळावर. गगनबावड्याला आजोळ असल्यामुळं तिथली चढण मला पायांनी पाठ होती, आणि या तुकडीत मी ती सगळी ओतली. अंगावर चिलखत नाही, हातात फक्त ढाल-तलवार. घोडा जिथं धापा टाकतो तिथं ही माणसं धावतात. फार मार बसला की सरळ मागं पळतात, टेकडीआड दम खातात आणि शत्रू निवांत झाला की पुन्हा येऊन भिडतात. एकच अट ठेवली होती. पळालेली तुकडी परत गोळा होते, ती मागं तिचं निशाण उभं असेल तरच. निशाण पडलं की पळालेला माणूस नुसता पळालेलाच राहतो.

कंपनीचे मालक म्हणजे आमचे दादा, मूळचे कोडोलीचे. ऊस भावाच्या गळ्यात घालून कॉम्प्युटरच्या नादाला लागलेले. मनानं मोठे, आणि आवाज मनाहून मोठा. गेम तपासायला त्यांनी कुणाला आणावं? आपल्या तालमीतल्या दोस्तांना. त्यातले एक पैलवान खुर्चीत कसेबसे मावले आणि माझं पायदळ घेऊन स्विसांवर चालून गेले. तुकडी निम्मी झाली, वळली आणि टेकडीकडं पळत सुटली. पैलवानांनी माउस टेबलावर आपटला.

"ताई, ह्ये पळायल्यात का?"

"परत येतात ते. टेकडीमागं जरा दम खाऊ दे त्यांना."

"परत येऊ देत न्हाय तर न येऊ देत. पळालीच कशी? आपला माणूस पळत न्हाय."

पैलवान बोलले आणि दादांनी निकाल देऊन टाकला. पायदळाची हिंमत अमर्याद करायची. मी समजावून बघितलं की पळणं हेच या तुकडीचं हत्यार आहे, ते काढून घेतलं तर तिच्याकडं उरतं काय? दादा म्हणाले, "ताई, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढंल. आपली माणसं पळताना दिसली की उद्या दारात मोर्चा. टायरवाल्याच्या काचा फुटतील त्या वेगळ्याच." गनिमी कावा हे शब्द ज्या गावात रिक्षाच्या पाठीवरसुद्धा रंगवलेले असतात, त्या गावात मी हा वाद हरले.

मग व्हायचं तेच झालं. चिलखत नसलेली माणसं भाल्यांच्या भिंतीसमोर छाती काढून उभी राहिली आणि एकूण एक मेली. स्विस मात्र मार बसला की पळायचे, गोळा व्हायचे, पुन्हा यायचे आणि जिंकायचे. दादा म्हणाले, मार वाढवा. वाढवला. तरी मेली, तर म्हणाले चिलखत वाढवा. शेवटी गगनबावड्याचा तो हडकुळा शिपाई पोलादी कपाट अंगावर घेऊन डोंगर चढायला लागला आणि एकटा शंभर स्विसांना लोळवायला लागला. पैलवान दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी कंटाळले. मग तालमीतले दोघं समोरासमोर बसले आणि दोघांनीही हीच तुकडी घेतली. कुणी पळेना, कुणी मागं सरेना, अर्धा तास दोन्ही बाजू जागेवर उभ्या राहून एकमेकांना कुटत होत्या, आणि शेवटी मैदानात कुणीच उरलं नाही. आमच्या गावाचं इतकं हुबेहूब चित्र मला ठरवूनही काढता आलं नसतं.

जुलैत दादांनी सगळ्या ऑफिसला पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत नेलं. दरवर्षी हजारो लोक जातात तसे आम्हीही भगवे फेटे बांधून चिखल तुडवत निघालो. मसाई पठारावर दादांनी आम्हाला थांबवलं आणि वेढा फोडून महाराज रात्रीतून कसे निसटले ते रंगून सांगितलं. थट्टा बाजूला ठेवून सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. म्हणूनच मी विचारलं, "दादा, मग आपल्या तुकडीला हे का करू देत नाही?"

दादांनी फेटा पिळला. "त्ये येगळं," म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी एका वाडीत दादांचा गुडघा सुजला. ते एका घराच्या आडोशाला गेले आणि जीपमध्ये बसून दिसेनासे झाले. आम्ही चिखलात लडबडून खिंडीत पोचलो, तर दादा कोरड्या कपड्यांत, ताजेतवाने, हातात झेंडा घेऊन फोटोसाठी सगळ्यांच्या पुढं उभे. मार बसला, आडोसा घेतला, दम खाल्ला, परत आले. माझी तुकडी अगदी अशीच चालायची. पण हे बोलायची सोय नव्हती.

पुण्याहून प्रकाशकांच्या बाई आल्या त्या दिवशी दादांनी ऑफिसला तोरण बांधलं होतं. बाई तासभर खेळल्या. चांगल्याच खेळत होत्या. मग माउस सोडून त्यांनी विचारलं, "बाकी सगळ्या तुकड्या माघार घेतात. ही का घेत नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "आधी घेत होती. एका दुपारात पुन्हा करून देते."

"मग द्या करून. त्या तुकडीसाठीच मी ही गेम घेईन," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, जमलं. आईला काय सांगायचं त्याचं वाक्यही मनात तयार झालं. तेवढ्यात दादा खुर्चीतून उठले. "बाई, तुमचा मान ठेवून सांगतो. आमची माणसं पळत न्हाईत. घ्यायची तर अशीच घ्या." बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा पर्स उचलली. दादांचा मला इतका राग आला की तोरण ओढून काढावंसं वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या पायदळासारखे ते छाती काढून उभे होते, ते बघून मला त्यांची कीवही आली.

पुढं वर्षभर दुसरा कुणी फिरकला नाही आणि कंपनी बंद पडली. मधल्या काळात चौकात मात्र फ्लेक्स लागला होता. दादांच्या डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, खाली मोठ्या अक्षरांत "पुण्यापुढं न झुकलेला वाघ" आणि त्याखाली तालमीतल्या सगळ्यांचे फोटो. पैलवान स्वतः पेठ वडगावला जाऊन तो छापून घेऊन आले होते, तिथं रंग चांगले येतात म्हणून. त्याच बाईंनी मला पुण्यात काम देऊ केलं आणि मी हो म्हणाले. पैलवान जिन्यात भेटले, तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "पळाला व्हय ताई?"

"व्हय," मी म्हणाले.

स्टँडवर सोडायला दादा स्वतः जीप घेऊन आले. मागच्या बाजूला कंपनीची पाटी आडवी पडली होती. टायरवाल्याला वरच्या खोल्या गोदामाला हव्या होत्या, म्हणून ती सकाळीच उतरवली होती. जागा नव्हती, तेव्हा माझ्या दोन्ही बॅगा त्या पाटीवरच ठेवल्या. पुण्याची गाडी लागली तसे दादा एकदम म्हणाले, "ताई, मनात काय ठेवू नका. कवाबी परत या."

"कुठं येऊ, दादा?"

दादा वळले, पाटीकडं बघत राहिले. मग त्यांनी तिच्यावरच्या बॅगा उचलून माझ्या हातात दिल्या.