सॉरी आणि अनफॉर्च्युनेटली

विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये तिला सगळे साखरताई म्हणायचे. आवाजच तसा! समोरचा कितीही भडकलेला असू दे, ही बाई असं काही गोड बोलायची की तो रिकाम्या हातानं निमूट फोन ठेवायचा. मग काय, नव्यांना शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी ती दोन शब्द शिकवायची. "सॉरी म्हटलं की चूक आपली झाली. मग ती निस्तरा! म्हणून म्हणायचं, अनफॉर्च्युनेटली. म्हणजे झालं ते वाईट झालं, पण केलं कुणीच नाही."

"म्हणजे हात वर करायचे ना, मॅडम?" एक आगाऊ मुलगी म्हणाली.

"करायचे. पण जोडल्यासारखे दिसले पाहिजेत!" सगळे खो खो हसले.

घरी आई होती. "अगं, बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घे ना, पाय सटकतो माझा," असं कितीदा तरी म्हणाली. ताईनं दांडा आणलाही. "बसवते गं रविवारी." कसला रविवार अन् कसलं काय! दांडा कपाटावर पडून राहिला, आणि एका सकाळी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती आता उभी राहायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

ताईला रडू यायला हवं होतं, आलं नाही. दात काढून आल्यावर गाल असतो ना, तशी ती आतून बधिर झाली होती. स्वतःचीच भीती वाटावी इतकी.

आता दादा आईला त्याच्याकडे नेणार होता, कायमची. त्याचं गाव लांब, आईला फोनवर धड ऐकू येत नाही. म्हणजे बोलायचं ते आजच, तो यायच्या आत. काय बोलायचं हेही ताईला पक्कं ठाऊक होतं: आई, चुकलं माझं. एवढंच तर! पण दुपारभर ती आपली आईचे कपडे भरत बसली, औषधं वेगळी बांधत बसली. शेवटी पलंगावर टेकली.

"आई, तो दांडा..."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

ताईनं तोंड उघडलं आणि कर्म, आला तो ऑफिसातला आवाज! "अनफॉर्च्युनेटली, आई, तेव्हा जमलंच नाही बघ."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... दोष कुणाचाच नाही."

आईनं मोठा सुस्कारा सोडला. "बाई गं, बरं झालं बोललीस. मी इतके दिवस मलाच बोल लावत होते. आणखी एकदा मागे लागले असते, तर बसवला असतास तू."

अजूनही बोलता आलं असतं. ताईला ते कळत होतं.

"हं," ती म्हणाली आणि पिशवीची चेन लावली.