अँटेनाला घातलेला हार

दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटार, शिवणयंत्र, सगळ्यांना हार घालून झाले आणि एक हार उरला. उरलेलं काही दिसलं की मला नको ते सुचतं. शिडी लावून घराच्या धाब्यावर चढलो आणि बिनतारी फोनच्या अँटेनाला तो घालून आलो. चढताना तोल गेला, तेव्हा आधाराला अँटेनाचाच दांडा धरला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी फोन मुका! गावात तो एकच. तारा सारख्या तुटतात म्हणून सरकारने बिनतारी दिला आणि आमच्या ओसरीत बसवला. नेमकं त्याच सकाळी धुळ्याला माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, ऑपरेशन. झालं की मेहुणा फोन करणार होता. बायको फोनसमोरून हलेना. मी एसटी धरून रावेर गाठलं.

फोनच्या ऑफिसात तोच साहेब, ज्याने उद्घाटनाला आमचे पेढे खात भाषण ठोकलं होतं: उद्या याच बिनतारीवर खाटेवर पडल्या पडल्या केळीच्या बागेतली मोटार सुरू कराल, जळगावचा डॉक्टर घरबसल्या तुम्हाला तपासेल, सगळं सरकार घरात येईल.

"साहेब, लाइनमन पाठवा."

"नाना, लाइनमन तारांसाठी असतो. तुमच्याकडे तार आहे का?"

"मग बिनतारीचा माणूस द्या."

"ते पद अजून मंजूर नाही. अर्ज ठेवून जा."

माझं डोकंच फिरलं. "जळगावचा डॉक्टर राहू द्या! धुळ्याचा म्हातारा जिवंत आहे का, तेवढं सांगा!"

साहेबाने चहा मागवला. एकच. मी टेबलावर मूठ आपटली, लागलं मलाच. उद्याची मोटार, उद्याचा डॉक्टर, आणि आज शिडी चढेल असा एक माणूस यांच्याकडे नाही! आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

तणतणत घरी आलो. शिडी धाब्याला लागलेली, खाली शेळी माझा हार खात होती.

"आबा बरा शेतस," बायको म्हणाली. म्हणजे बरे आहेत; फार आनंद झाला की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. "भाऊचा फोन आला. अँटेनाचं तोंड रावेरकडे होतं, ते तुम्ही तापीकडे करून ठेवलं होतं. मी चढून फिरवलं."

साहेब, खातं, सरकार, सगळ्यांचा उद्धार करायला मी तोंड उघडलं. तिने पुढ्यात ताट ठेवलं.

"सगळं घरबसल्या होईल, असं साहेब म्हणाला होता ना? मग तुम्ही रावेरला कशाला गेलात?"