बंद न होणारं प्रथिन

माझ्या बायकोची थोरली बहीण जेवायला आली, की आमच्या घरातल्या कुठल्याही पदार्थाला निव्वळ पदार्थ म्हणून राहता येत नाही. ताई फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करतात. पेशीच्या आत पातळ पटलाच्या इवल्या पिशव्या असतात, त्यांतून माल इकडून तिकडे जातो, आणि कुठल्या पिशवीनं कुठं जाऊन मिसळायचं हे काही चिमुकली प्रथिनं ठरवतात. प्रथिन चालू झालं की पिशवी कामाला लागते. काम झालं की त्यानं बंद व्हायचं असतं. मी सरकारी कचेरीत फायली पुढं सरकवणारा माणूस, पण ही सगळी वाहतूक लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या घरात मी ताटातच पाहिली आहे. एकदा माझे साहेब जेवायला आले होते. "आप क्या करती हैं?" एवढंच त्यांनी सौजन्यानं विचारलं. ताईंनी त्यांच्याच ताटातली पुरी फोडून तीत मटार भरले आणि ती बासुंदीच्या वाटीपर्यंत चालवत नेली. साहेब बासुंदी न खाताच गेले. एका रिक्षावाल्याला त्यांनी हेच इतकं मनापासून समजावलं, की वळण चुकवून तो काळजीनं म्हणाला, "मॅडम, ये मुझे भी हो सकता है क्या?"

घरात त्या हट्टानं मराठी शब्द वापरत. "पटल म्हणजे?" माझ्या लेकीनं विचारलं. "मेम्ब्रेन." "अच्छा, मग असं बोल ना यार!" त्या दिवशी ताई पानावरून उठायच्याच बाकी होत्या.

त्यांचं एक प्रथिन चालू झालं की बंदच होईना, आणि पिशव्या एकमेकींत मिसळून फुगत जात. त्याला बंद करणारं दुसरं प्रथिन कोणतं, हे त्या कित्येक वर्षं शोधत होत्या. अखेर ते सापडलं. त्या संध्याकाळी फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बंद झालं!" बायकोला वाटलं, फ्रिज.

नंतरच्या एका रविवारी मात्र त्या मुकाट्यानं जेवल्या. बायकोनं फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं आमच्या आधी छापलं गं. तेच प्रथिन."

"मग मावशी, तुझं सगळं वेस्ट?" लेक म्हणाली.

"वेस्ट कसं? एकमेकांना न विचारता दोघांना तेच दिसलं. म्हणजे ते खरंच तसं आहे." एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

मी त्यांना मेट्रोपर्यंत पोचवायला निघालो. फलाटावर मला राहवेना. "ताई, पण ते दुसरं प्रथिन पहिल्याला बंद करतं तरी कसं?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी कीव करतोय की काय, हे बहुधा तपासत असाव्यात. "खरंच ऐकायचंय?"

"बिल्कुल."

मग त्या सांगू लागल्या. दोन गाड्या येऊन गेल्या. तिसरीत त्या चढल्या त्याही बोलतच, आणि दार लागून गाडी हलली तरी काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते. मला फारसं काही कळलं नव्हतं. तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी मान डोलावत उभा राहिलो.