खालचं पातळ दूध

पाववालीला वाया घालवणं म्हणून ठाऊक नव्हतं. भट्टीपाशी सांडलेलं पीठसुद्धा ती झाडून गोळा करायची. अपवाद एकच. पाव फुगवणारं आंबवण ती बरणीत जपायची, आणि त्यावर सुटलेलं पाणी मात्र बेलाशक मोरीत ओतायची. बापाने शिकवलेलंच होतं तसं, पातळ ते टाकायचं, दाट ते राखायचं.

तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. एवढासा जीव, दवाखान्यात काचेच्या पेटीत. ओढून प्यायचं बळ नाही, म्हणून नळीने पाजायचे. पाववाली घरी पंपाने दूध काढून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायची. तिथे दुधाचे दोन थर व्हायचे, वर दाट, खाली निळसर पाणी. आता सांगा, बाईने काय केलं असेल? वरचं दाट तेवढं चमच्याने काढून दवाखान्यात पाठवलं, खालचं मोरीत. लेकराला पाणी कशाला पाजायचं? सासूबाई शेजारीच होत्या, त्याही म्हणाल्या, "बरं केलंस."

इकडे बाळाचं पोट फुगलं, शी होईना. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दूध बंद करून नुसत्या सलाईनवर ठेवावं लागेल. पाववाली नव्या दुधाची बाटली घेऊन धावतच दवाखान्यात आली.

तिथली सिस्टर मुरलेली आणि तोंडाने फटकळ. तिने बाटली उजेडात धरली.

"अगं, हे दूध आहे की लोणी? बाकीचं कुठे गेलं?"

पाववालीने खरं ते सांगितलं आणि मान खाली घातली. आता आपली चांगलीच हजेरी घेणार, असं तिला वाटलं. सिस्टरने स्टूल पुढे ओढलं.

"बस इथे. त्या पातळ दुधात एक साखर असते. बाळाला ती पचत नाही."

"मग काय उपयोग तिचा?"

"बाळाच्या आतड्यात चांगले जंतू वस्तीला येतात, त्यांचं जेवण आहे ते. ते पोटभर जेवले, की वाईट जंतूंना पाय ठेवायला जागा उरत नाही. तू आंबवण जिवंत राहावं म्हणून त्याला पीठ घालतेस ना? तसंच आहे हे. पोरी, तू राखणदारांनाच उपाशी ठेवलंस."

त्या दिवसापासून पाववाली बाटली हलक्या हाताने फिरवून सगळं एकजीव करायची आणि थेंब न थेंब पाठवायची.

पोट हळूहळू मऊ पडलं. नुसत्या दुधाने की डॉक्टरांच्या औषधानेही, ते सिस्टरही छातीठोकपणे सांगेना. एका सकाळी तिने पाववालीला हाक मारून लंगोट उघडून दाखवला. पिवळीधमक शी. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं, पाववालीने हात जोडले.

मग सिस्टरचा हात धरून ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मला ओरडला नाहीत. ओरडला असतात, तर मी दूध काढणंच सोडलं असतं. तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत."

"ओरडायला वेळ कुणाला होता?" सिस्टर म्हणाली. "चल, हात धुऊन ये. आज त्याला छातीशी घ्यायचं आहे."

पाववाली उभीच राहिली. लेकराला तिने अजून एकदाही उचललं नव्हतं.